बदलीवरचा माणूस

बदलीवर आलेल्या माणसाने मालकाशी बोलायचं नाही, हा नियम मला त्यानेच सांगितला होता. पवईच्या तलावाशी स्कूटर बाजूला लावून आम्ही चहा पीत होतो. बारमध्ये वाजवायचं म्हणजे नक्की काय करायचं, असं मी विचारलं होतं. तो सुराबद्दल बोलला नाही, तालाबद्दल तर नाहीच. म्हणाला, उद्या कुणाच्या जागी बसायला गेलास तर त्याने कीबोर्डवर जे आवाज लावून ठेवलेत त्यांना हात लावू नकोस. शेठशी बोलू नकोस, काही लागलं तर ज्याची सीट आहे त्याला फोन कर. आणि तो परत आला की सांगायची वाट न बघता ऊठ, गाणं अर्ध्यावर असलं तरी.

बदली हा शब्द आमच्या घरात जुना. वडील गिरणीत बदली कामगार होते. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं आणि कुणी खाडा केला की त्या दिवसापुरतं त्याच्या मागावर जायचं. अकरा वर्षं त्यांनी ते केलं. घरी येऊन सांगायचे, आज अमक्याच्या मागावर होतो. त्या अकरा वर्षांत ‘माझा माग’ असं त्यांच्या तोंडून एकदाही आलं नाही. तेव्हा नियम मला कळला नव्हता असं म्हणायची सोय मला नाही.

तो माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. त्याचं गाव आमच्याच तालुक्यातलं, घर मुलुंडला. मी घाटकोपरला डोंगरावरच्या चाळीत वाढलो. दोघांचेही हात भजनाच्या पेटीवर तयार झालेले. पुढे गणपतीतल्या ऑर्केस्ट्रात ओळख झाली. तेव्हा मी दिवसा कुरियरच्या ऑफिसात होतो आणि तो अंधेरीच्या एका बारमध्ये रोज कीबोर्ड वाजवत होता. बारच्या लायसनवर ऑर्केस्ट्रा लिहिलेलं असायचं, म्हणून आम्हीही घरी तेवढंच सांगायचो, ऑर्केस्ट्रात आहे. त्याच्या बायकोला खरं माहीत होतं आणि ते तिला कधीच आवडलं नव्हतं. भजनात बुवांच्या मागे बसून पेटी वाजवणारा माणूस तिने पसंत केला होता. गावी ती सांगायची, कंपनीत आहेत.

मला बारमध्ये घ्यायचं त्याने ठरवलं, तेव्हा आधी एक हिवाळाभर त्याने मला नुसतं फिरवलं. त्याच्या सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी स्कूटरवर मागे बसायचं आणि तो नेईल तिथे जायचं. पुढच्या दाराने आम्ही कधी गेलो नाही. किचनमधून आत शिरायचं, वाजवणारे ज्या टेबलावर टेकतात तिथे बसायचं, साधा सोडा आणि चणे. तो पीत नसे. मीही तेव्हा नव्हतो पीत.

बोरिवलीच्या एका बारचं छत एवढं खाली होतं आणि माइकला एवढा एको, की गायिकेचा एक शब्द परत येईपर्यंत ती पुढच्या ओळीवर पोचलेली असे. “इथे कमी वाजव,” तो कानाशी म्हणाला, “भिंतीच वाजवतायत.” गोरेगावला स्टुडिओतलं रेकॉर्डिंग संपवून कोरसवाले यायचे, मागच्या बाकावर बसायचे. ते आले की स्टेजवरची सगळी माणसं ताठ व्हायची, शाळेत इन्स्पेक्टर आल्यासारखी. घाटकोपरला, माझ्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, एक गिऱ्हाईक टिशू पेपरवर लिहून एकच फर्माईश तिसऱ्यांदा पाठवत होतं आणि कीबोर्डवाला तेच गाणं तिसऱ्यांदा तिसऱ्याच ढंगात वाजवत होता. मी हसलो. तो नाही हसला. म्हणाला, वेडा न होण्यासाठी करतोय तो.

पवईला एका पबमध्ये कॉलेजची पोरं गिटारं घेऊन वाजवत होती. तिथे आम्हाला कुणी ओळखत नव्हतं, किचनमधून जायची सोय नव्हती. आम्ही दारातच उभे राहिलो. सगळ्यांत जास्त वेळ तो तिथेच थांबला.

“हे बघ ना,” तो म्हणाला, “एकमेकांकडे बघून वाजवतायत रे हे.”

आमच्याकडे तसं नसतं. आमच्याकडे गायिका पुढे उभी असते, गिऱ्हाइकांकडे तोंड करून, आणि वाजवणाऱ्याला दिसते ती तिची पाठ. तिचा डावा हात मागे असतो आणि बोटं पट्टी सांगतात. तळवा बाहेर असला तर काळी, आत असला तर पांढरी, बोटं जितकी तितकी पट्टी. मधेच गळा बसला तर एक बोट मिटतं आणि आपण गाणं खाली उतरवायचं, समोरच्याला कळू न देता. ही बोटं तो न चुकता वाचायचा. कीबोर्डवर पट्टी बदलायचं बटण असतं, ते तो कधी दाबत नसे. कुठलंही गाणं कुठल्याही पट्टीत त्याच्या हाताला यायचं. मला बटण लागायचं. अजून लागतं.

पुढे त्याच्याच शब्दावर मी मुलुंडच्या एका बारमध्ये लागलो आणि कुरियरचं ऑफिस सोडलं. बरी चालली होती वर्षं. मग टाळेबंदीत सगळंच बंद झालं. बार पुन्हा उघडले तेव्हा माझा मुलुंडचा उघडलाच नाही. त्याचा अंधेरीचा उघडला, पण चार वाजवणाऱ्यांपैकी शेठने एकच ठेवला, कीबोर्डवाला. ऑक्टोपॅड, ढोलक, गिटार, सगळे घरी. जे गेलं ते एकट्या कीबोर्डवर भरून काढायचं. सगळ्या उपनगरांत हेच झालं होतं. एका बारमध्ये एक सीट, आणि ती ज्याच्याकडे आहे तो सोडणार नाही.

मी घरी बसून लॅपटॉपवर ट्रॅक बनवायला शिकलो. ढोलक, बास, व्हायोलिनं, सगळं आधीच भरून ठेवायचं आणि वर नुसती बोटं फिरवायची. बायको कामावर जायची. मी ट्रॅक बनवायचो आणि कोण आजारी पडतंय याची वाट बघायचो. हे मी आज लिहितोय, तेव्हा स्वतःशीही कबूल केलं नसतं.

त्याच्या कानाचं मला त्याच सुमारास कळलं. स्कूटरवर मी त्याच्या उजव्या खांद्यावरून बोललो की उत्तर येत नसे, डाव्या खांद्यावरून बोललो की येई. दोनतीनदा असं झाल्यावर मी विचारलं. त्याने स्कूटर थांबवली नाही. चालवता चालवताच म्हणाला, उजवा गेला. वीस वर्षं स्टेजवरचा स्पीकर त्याच बाजूला होता. आता गायिका डाव्या हाताला असेल तरच त्याला तिचा सूर नीट मिळायचा, म्हणून तो कीबोर्ड कायम स्टेजच्या त्याच टोकाला लावायचा. डाव्या कानावर भागत होतं. वाजवण्यात कुणालाही काही कळत नव्हतं, मलाही कळलं नव्हतं.

“कुणाला बोलू नकोस,” तो म्हणाला. “हिलापण सांगितलं नाहीय मी.”

त्यानंतर वर्षभराने एका सकाळी त्याचा फोन आला. गावी त्याचे वडील गेले होते. तो एस्टी स्टँडवरूनच बोलत होता. तेराव्यापर्यंत राहावं लागेल, बसशील ना, एवढंच त्याने विचारलं. बसतो म्हणालो. दुसऱ्या कुणावर टाकवत नाही रे, असं तो म्हणाला आणि फोन ठेवला.

पहिले पाच दिवस मी नियमाने वागलो. त्याचे आवाज, त्याची जागा, शेठ आला की मी खाली बघायचो. सहाव्या दिवशी लॅपटॉप घेऊन गेलो. ट्रॅक लावले तसा हॉल एकदम भरल्यासारखा झाला. गिऱ्हाइकांनी माना वर केल्या. गायिका दोन होत्या, एक नवीन मुलगी आणि एक मोठी. मोठी तिथे पंधरा वर्षं गात होती. तिने गाता गाता वळून माझ्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं कौतुकाचं नव्हतं हे मला तेव्हाच समजलं. त्याच रात्री त्याच्या आवाजांवर मी माझे आवाज चढवले. ते परत मिळण्यासारखे नव्हते. वीस वर्षं कान लावून त्याने एकेक जुळवला होता.

दहाव्या दिवशी दुपारी शेठने बोलावलं. दुपारचा बार ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना तो ओळखू येणार नाही. ट्यूबलाइट लावलेल्या, खुर्च्या टेबलांवर उलट्या, फिनेलचा वास, आणि रात्री लाल वाटणारा सोफा मळक्या विटेच्या रंगाचा. मॅनेजर टेप घेऊन स्टेज मोजत होता. स्टेजच्या त्या टोकाला, जिथे कीबोर्ड असतो, तिथे शेठला काचेचा, आतून दिवे लागणारा काउंटर करायचा होता. कीबोर्ड दुसऱ्या टोकाला हलवायचा.

मॅनेजर म्हणाला, “मागेपण दोन वेळा बोललो होतो त्याला. ऐकतच नाही. तिथेच बसणार म्हणतो.”

शेठने माझ्याकडे पाहिलं. “क्यूं रे? उसको उधर क्या प्रॉब्लेम है?”

मला माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. तोच आल्यावर त्याला विचारा, असंही म्हणता आलं असतं, आणि नियमाने तेच उत्तर होतं. मी म्हणालो, “त्याचा उजवा कान गेलाय, शेठ. त्या बाजूला बसला तर त्याला गाणं ऐकू येत नाही.”

मॅनेजरने टेप गुंडाळली. मी खोटं बोललो नव्हतो, आणि पुढे कितीतरी महिने मी याच एका गोष्टीला धरून राहिलो. पण खरं सांगायचं तर गुन्हा त्या वाक्यात संपला नाही. शेठ पुढे काही विचारायच्या आत मी आपणहून म्हणालो, “मला काय, कुठल्याही बाजूला चालतं.”

तेराव्यानंतर दोन दिवसांनी तो आला. संध्याकाळी सहाचं माइक-चेक चाललं होतं. डोकं भादरलेलं, अंगात साधा पांढरा शर्ट. काउंटर बसला होता, कीबोर्ड दुसऱ्या टोकाला गेला होता आणि मी त्यामागे बसलो होतो. तो आला की उठायचं. मी उठलो नाही. हात कीबोर्डवर ठेवून बसून राहिलो, जसं काही गाणं मधेच आहे आणि सोडता येत नाही. गाणं चालू नव्हतं.

तो स्टेजखाली उभा राहून काउंटरकडे बघत होता. मग मॅनेजर त्याला आत घेऊन गेला. पाच मिनिटांत तो बाहेर आला आणि सरळ माझ्याकडे आला. डावा कान माझ्याकडे येईल असा उभा राहिला.

“तू सांगितलंस?”

“नाही,” मी म्हणालो.

तो थोडा वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग म्हणाला, “ती नवीन मुलगी शेवटच्या कडव्याला घाई करते. धरून ठेव तिला.” आणि गेला. किचनमधून गेला, नेहमीसारखा.

मोठ्या गायिकेने मला एकच शिक्षा केली, पण ती रोज केली. तिने बोटं दाखवायची सोडली. डावा हात आता ती पुढेच ठेवते. मला पट्टी हवी असते तेव्हा माइकमध्ये तोंड घालून सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सांगते, “काळी तीन द्या हो, बदलीवाले.” गिऱ्हाइकं हसतात. त्यांना वाटतं गंमत चाललीय.

ती सीट मी आज तीन वर्षं धरून आहे. तो मुलुंडलाच एका नातेवाइकाच्या दुकानात बसतो, कोकम, मालवणी मसाला, कुळथाचं पीठ. कानाला मशीन आलं. डावाही आता जातोय म्हणतात. त्याने माझ्याशी संबंध तोडले नाहीत, आणि मला त्याचंच जास्त भय वाटायचं. गणपतीला त्यांच्याकडे भजनाला मला आमंत्रण असायचं. वहिनी मोदक बांधून द्यायच्या.

यंदाच्या गणपतीत भजन संपल्यावर सगळे प्रसाद घेत बसले होते. वहिनी पाहुण्यांसमोर मला म्हणाल्या, “भावोजी, मित्राकडून काहीतरी शिका. यांनी बापाच्या तेराव्याला शब्द दिला आणि बार सोडला. मी एका शब्दाने म्हटलं नव्हतं हो, आपणहून सोडला.” पाहुण्यांनी माना डोलावल्या. तो पेटीचा भाता बंद करत होता, त्याने वर पाहिलं नाही. मी हातातला मोदक कसा खाल्ला ते मला आठवत नाही.

तेव्हा मला एवढंच कळलं की त्याने घरी काही सांगितलेलं नाही. त्यातून मी अर्थ असा काढला की तो माझ्यासाठी गप्प आहे, मला झाकतोय. हे मला सहन होईना. बारा दिवसांनी, एका मंगळवारी सकाळी, मी त्याच्या घरी गेलो.

तो पेपर वाचत होता. आत वहिनी विळीवर नारळ खोवत होत्या, तो आवाज बाहेर येत होता. एक खोली आणि स्वयंपाकघर, मधे पडदा. मी त्याच्यासमोर बसलो आणि सुरुवात केली. काउंटरचं, मॅनेजरचं, शेठच्या प्रश्नाचं. हळूच बोलायला गेलो, पण हळू बोललेलं त्याला कळतच नव्हतं. दोनदा त्याने मशीनला हात लावला. मग त्याने तळहात वर केला. मला वाटलं, ऐकू येत नाहीय, म्हणून मी आवाज चढवला. शेठला मी सांगितलं, मीच सांगितलं तुझ्या कानाचं, सीट मला हवी होती, तू आलास तेव्हा तुझ्या तोंडावर खोटं बोललो. चाळीत शेजारी ऐकतील एवढ्या मोठ्याने मी हे बोललो. तळहात अजून तसाच वर होता. तो मला थांबवत होता.

नारळ खोवण्याचा आवाज थांबलेला होता. वहिनी पडद्याशी उभ्या होत्या, हाताला खोबरं लागलेलं.

त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. त्याला म्हणाल्या, “तुम्ही सोडलात ना?”

त्याने तळहात खाली घेतला.

“सगळ्या गावाला सांगितलं मी,” त्या म्हणाल्या, “तेराव्याला सोडलं म्हणून.”

त्या आत गेल्या. गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग तो मालवणीत बोलला. माझ्याशी तो सहसा मालवणीत बोलत नसे.

“माका ठाऊक होता रे. दुसऱ्या कोणाक कानाचा मी सांगूकच नाय.” मग थांबून, मराठीत, “सीट गेली ती गेली. घरात मी वेगळं सांगून ठेवलं होतं. तेवढं तरी राहू द्यायचं होतंस.”

मी माफ कर म्हणालो. दोनदा म्हणालो.

“तुझं झालं ना मोकळं?” तो म्हणाला. “जा आता.”

तो माझ्यासाठी गप्प नव्हता. तीन वर्षं त्या घरात एक बाई नवऱ्याकडे मानाने बघत होती, आणि तो त्यासाठी गप्प होता. हे मला जिने उतरताना कळलं. त्या दिवशी मी सहाच्या माइक-चेकला वेळेवर पोचलो. खाडा करता आला असता, पण मग कुणालातरी बदलीवर बसवावं लागलं असतं, आणि तीन वर्षांत मी एकदाही कुणाला बसवलेलं नाही. तापात वाजवलंय. सख्ख्या मावशीच्या कार्याला गावी गेलो नाही.

त्यानंतर मी त्याला फोन केले. तो उचलत नाही. एकदा वहिनींनी उचलला.

“भावोजी,” त्या म्हणाल्या, “आता फोन करू नका. मी गावात अजून कुणाला काही बोलले नाहीय. तुम्हीपण कुठे बोलू नका.”

मी बरं म्हणालो. हे लिहिताना कुणाचं नाव घातलेलं नाही, गावाचं नाही, बारचं नाही. पण वहिनींच्या हातात हे पडलं तर त्यांना पहिल्या ओळीत कळेल, आणि मी शब्द दिला होता हेही त्यांना आठवेल.